पाच पक्षी आणि पाच फुटी पलंग

हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)
शनिवार, १५ नोव्हेंबर

अखंडित-बाल्कनी-अलंकृत, उदयास्तमान्य, सूर्यस्नात साडूबंधू श्री. विक्रांतराव यांसी,

हेंद्रेपाड्यातील तिसऱ्या मजल्यावरून, लोखंडी जाळीच्या आतल्या बाजूने, चंद्रकांतचा करद्वय जोडून नमस्कार. येथील मंडळी यथास्थित आहेत. माझा रक्तदाब तेवढा आपल्या छायाचित्रांच्या संख्येप्रमाणे वरखाली होत असतो. आपल्या प्रकृतीची विचारपूस करणे हा शिष्टाचार खरा, परंतु कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर आपण टाकलेल्या सत्तेचाळीस छायाचित्रांतून मी ती समोरून, पाठीमागून व पोहण्याच्या तलावात अर्धी बुडालेल्या अवस्थेतही तपासली आहे. उत्तम आहे. जरा जास्तच उत्तम आहे. मनालीताई व चि. रिद्धी यांनाही माझे आशीर्वाद. (रिद्धीला किंचित कमी. कारण पुढे येईल.)

आपण म्हणाल, आपले अंबरनाथ आणि आमचे बदलापूर यांच्यामध्ये हाकेचे अंतर असता दादांनी पत्र लिहिण्याचा पुराणकालीन मार्ग का अवलंबिला? उत्तर सरळ आहे. गेल्या रविवारी त्या समूहातून मी स्वेच्छेने बाहेर पडलो. (बाहेर पडणाऱ्याची वार्ता तो समूह तत्काळ सर्वांस दवंडी पिटून कळवतो, ही व्यवस्था ज्याने केली त्याला साडू नसावा.) समूहात पुन्हा आपणांसच मला घ्यावे लागणार, आणि तशी विनंती करण्याइतका मी अद्याप खचलेलो नाही. शिवाय झाल्या प्रकाराची माझी बाजू अद्याप कोणी ऐकून घेतलेली नाही. ती येथे सविस्तर मांडतो. आपण दुकानात असाल तर गिऱ्हाईक बसवून ठेवा. पत्र मोठे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू द्या. मत्सर हा माझा स्वभाव नव्हे. षड्रिपूंपैकी पाच मला आळसामुळे कधी साधले नाहीत आणि सहावा मी केवळ सुट्टीच्या दिवशी, छंद म्हणून जोपासतो. आपण उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात दुकान थाटलेत, शेजारच्या सिंधी व्यापाऱ्यांकडून 'साईं, बसो ना' म्हणायला शिकलात, गाडी घेतलीत, मोठी गाडी घेतलीत. या सर्व प्रसंगी मी पेढे खाल्ले आहेत आणि ते मला पचले आहेत. आनंदनगरच्या रंगाच्या कारखान्यात भांडारप्रमुख म्हणून तेवीस वर्षे डबे मोजताना मी मनाची जी समता कमावली होती, ती आपल्या कोणत्याही ऐश्वर्याने ढळली नव्हती. ती ढळली छायाचित्र क्रमांक एकोणतिसाने.

त्या चित्राचे वर्णन आपणांस करणे म्हणजे आपलीच मालमत्ता आपणांस दाखवणे, तरी करतो. तलावाकाठचा तो पंचतारांकित प्रासाद. त्यातील आपला सूट, ज्याला (आपणच आवाजी संदेशातून तीन वेळा कळवल्याप्रमाणे) एक नव्हे, दोन बाल्कन्या. एक पूर्वाभिमुख, सूर्योदयासाठी. दुसरी पश्चिमाभिमुख, सूर्यास्तासाठी. म्हणजे सूर्यनारायणाने आपल्याच दारातून यावे आणि आपल्याच दारातून जावे, मधला वेळ इतरांना द्यावा, असा करार दिसतो. चित्रात आपण पलंगावर उताणे, बाल्कनीचे दार उघडे, अग्रभागी आपली दोन पावले, आणि दोन अंगठ्यांच्या बरोबर मध्ये, चिमटीत धरल्यासारखे, प्रत्यक्ष सहस्ररश्मी भास्कर. विक्रांतराव, आम्ही ज्याला अर्घ्य देतो त्याला आपण अंगठे दाखवलेत. तरी मी गप्प राहिलो. पाण्यावर तरंगत्या तबकातून आलेल्या आपल्या नाश्त्याबद्दलही गप्प राहिलो. (पोहे कोरडे राहिले का, एवढीच जिज्ञासा होती.)

परंतु सौ. भागीरथी गप्प राहिली नाही. म्हणजे राहिली, पण निराळ्या तऱ्हेने. तिने ते चित्र घेतले, दोन बोटांनी मोठे केले, आणखी मोठे केले. मला वाटले सूर्य पाहते आहे. ती पाहत होती कोपऱ्यातली वेताची खुर्ची. खुर्चीवर मनालीताई, हातात चहाचा पेला, नजर कुठेच नाही. भागीरथी म्हणाली, "बघा ना, तिला कुणी हाक मारत नाहीये." एवढेच. आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून आत गेली.

आपणांस ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. बारा वर्षांपूर्वी आम्ही हे घर घेतले तेव्हा गॅलरीतून समोर मोकळे माळरान होते आणि त्याच्या टोकाला सूर्य उगवत असे. मी स्वतः पाहिला आहे. त्या दिवशी मी भावनेच्या भरात प्रतिज्ञा केली की, या ठिकाणी दोन खुर्च्या मांडू आणि रोज प्रातःकाळी चहा घेत अरुणोदय पाहू. पैकी एक खुर्ची आली. दुसरी येण्यापूर्वी समोर सात मजली इमारत आली, चोरांच्या भयाने जाळी आली, जाळी आली म्हणून पत्रा आला, पत्रा आला म्हणून कपडे धुण्याचे यंत्र, तांदळाची पोती, गेल्या गणपतीचे मखर आणि इन्व्हर्टर आला. इन्व्हर्टर खुर्चीवर बसला. आज इतकी वर्षे आमच्या गॅलरीत पूर्वेकडे तोंड करून बसलेला तो एकटाच आहे. आणि येत्या नऊ डिसेंबरला आमच्या विवाहास पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. भागीरथीने या पंचवीस वर्षांत माझ्याकडे दागिना मागितला नाही. त्या दोन खुर्च्यांची आठवण मात्र तीनदा काढली. तिसऱ्यांदा ती ओरडली असती तर बरे झाले असते.

अशा मनःस्थितीत मी असता वर्तमानपत्रातून एक गुळगुळीत कागद खाली पडला. 'बदलापुरात प्रथमच! सनराइज-सनसेट डेकची घरे! पंचतारांकित सूटचा अनुभव! सॅम्पल फ्लॅट पाहण्यास सहकुटुंब या. घरापासून गाडी, स्वागतपेय, अल्पोपाहार.' मी तो कागद दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा घडी घालून खिशात ठेवला. घर घेण्याचा माझा विचार नव्हता, हे ईश्वर जाणतो. माझा विचार केवळ एवढाच होता की, जी गोष्ट आपणांस शंभर किलोमीटरवर लाभली, ती मला रिंगरोडच्या पलीकडे लाभत असेल आणि नेण्या-आणण्यास गाडीही येत असेल, तर एक दुपार तिथे कंठून दोन छायाचित्रे समूहावर टाकण्यात अधर्म तो कोणता?

भागीरथीला मी फक्त "चांगली साडी नेस" एवढेच सांगितले. ती जांभळी रेशमी नेसली. (जी आपल्या वास्तुशांतीला नेसली होती आणि जिच्यावर आपल्याकडची कढी सांडली होती, डाग गेला.) गाडी आली. गाडीच्या दोन्ही बाजूंना बिल्डरचे नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत होते की रहस्य कोपऱ्यापर्यंतही टिकले नाही. ती म्हणाली, "अहो, फ्लॅट बघायला? आपण?" मी म्हणालो, "प्रासाददर्शन." ती खिडकीबाहेर बघू लागली. हा तिचा नेहमीचा अभिप्राय आहे.

तेथे हिमानी नावाच्या एका चटपटीत कन्येने आमचे गुलाबाचे फूल देऊन स्वागत केले व तिच्या हाताखालच्या अल्पेशने पन्हे दिले. माझी समजूत होती की आम्हांस उद्वाहकाने बाविसाव्या मजल्यावर नेतील. परंतु बाविसावा मजला अद्याप आकाशातच होता, एकविसावाही तेथेच होता, आणि खरे सांगायचे तर जमिनीच्या वर आलेले असे काहीच नव्हते. सॅम्पल फ्लॅट कार्यालयाच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, तळमजल्यावर होता. मी विचारले, "मग बाल्कनीतून दिसते काय?" हिमानी म्हणाली, "सर, सनराइज भी दिसेल, सनसेट भी." मी म्हणालो, "एकाच बाल्कनीतून? दिशा कोणती?" ती हसली. "सर, जी तुम्हांला पाहिजे ती." आणि तिने भिंतीवरचे बटण दाबले.

विक्रांतराव, बाल्कनीच्या कठड्यापलीकडे भिंतभर पडदा होता आणि पडद्यामागे दिवे. पहिल्या बटणाने गुलाबी पहाट झाली. दुसऱ्याने केशरी सायंकाळ. मध्ये डोंगर, खाली पाणी, वर पाच पक्षी. वैदिक ऋषींनी ज्याच्यासाठी ऋचा रचल्या, तो सविता येथे अल्पेशच्या अधीन होता. मी मनाला बजावले की, ज्या प्रासादात आपण राहिलात तिथे सूर्याची वाट पाहावी लागते. येथे लागत नाही. त्या अर्थी हा सूट वरच्या दर्जाचा होय.

पुढील घटनाक्रम मी संक्षेपाने सांगतो, कारण तो मला संक्षेपानेच आठवायला आवडेल. छायाचित्रासाठी उताणे पडण्यापूर्वी हस्तप्रक्षालन करावे, या सुसंस्कृत हेतूने मी स्नानगृहात गेलो. साबण उत्तम होता, चंदनाचा. तो मी कोपरापर्यंत लावला आणि मग नळ फिरवला. (क्रम चुकला. आधी नळ फिरवावा, हा धडा मी आपणांसही विनामूल्य देतो.) फेसाळलेले दोन्ही हात वर धरून मी शल्यविशारदासारखा बाहेर आलो, तेव्हा अल्पेश म्हणाला, "साहेब, नल दिखाने का है." त्याने पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या माझ्या हातावर ओतल्या. एकंदर चार लागल्या. चंदन सहजी जात नाही.

त्यानंतर मी पलंगावर पडलो. आपलीच मुद्रा धारण केली. पावले पुढे, अंगठ्यांत सूर्य. परंतु पावले पुढे गेली ती पुढेच गेली. पलंग माझ्या घोट्यांच्या बराच अलीकडे संपला. टाचा समोरच्या मोठ्या दूरदर्शन संचाला लागल्या आणि तो संच, जो पुठ्ठ्याचा होता, आवाज न करता प्लास्टिकच्या सफरचंदांवर पालथा पडला. मला वाटले, वयोमानाने माझी उंची वाढली. हिमानीने निर्विकारपणे संच उभा केला, माझा मोबाइल घेतला, आणि "सर, स्माइल" म्हणत एक चित्र पहाटेचे व एक सायंकाळचे काढले. त्या कन्येचा हात कसलेला होता. माझे पाय तिने कुठेतरी नाहीसे केले.

या सर्व गडबडीत भागीरथी कुठे होती, ते मी पाहिले नव्हते. पाहिले तेव्हा ती बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीवर बसली होती. होय, तशाच. तिथे दोन होत्या. अल्पेशने दिलेला चहा तिच्या हातात होता आणि ती त्या विजेच्या पहाटेकडे पाहत होती. मी शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो. काहीतरी संस्कृत बोलणार होतो, नाही बोललो. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. सूर्य जिथल्या तिथे होता. मग हिमानी मागून हळूच म्हणाली, "मॅडम, सॉरी हं, दुसरी फॅमिली वेटिंगला आहे." भागीरथी लगेच उठली, पेला पदराने पुसल्यासारखा करून अल्पेशला परत दिला, आणि म्हणाली, "छान आहे हो तुमचा सूर्य." गाडीत ती पुन्हा खिडकीबाहेर बघत बसली. आणि मी, विक्रांतराव, त्या गाडीत, तिच्या शेजारी बसून, दोन्ही चित्रे समूहावर टाकली. खाली लिहिले, 'बदलापूरस्थ सूटमधून अरुणोदय व सायंसंध्या. सहधर्मचारिणीसमवेत.' पुढचे आपण जाणताच. तरी माझ्या बाजूने सांगतो.

सूर्योदयाचे चित्र दुपारी पावणेचारला टाकले, याबद्दल कोणी शंका घेतली नाही, कारण आपल्या कुटुंबात सुप्रभात नेहमी दुपारीच पोचते. पहिला बाण सोडला तो चि. रिद्धीने. 'काका, सनराइजला पाच पक्षी आणि सनसेटला पण सेम तेच पाच? दिवसभर हललेच नाहीत का?' मी उत्तर दिले, 'बाळ, ते स्थितप्रज्ञ पक्षी आहेत.' येथे प्रकरण मिटत होते. तोच सासूबाईंचा आवाजी संदेश आला. 'जावईबापू, घर घेतलंत आणि आम्हांला सांगितलं नाहीत? नारळ तरी फोडला का?' त्याचे उत्तर मी जुळवत होतो, आणि तेवढ्यात आपण लिहिलेत. मला ते पाठ आहे. 'दादा, पलंग आरामात आहे ना? आपल्याच दुकानातून गेलाय. पाच फुटी. सॅम्पल फ्लॅटसाठी स्पेशल छोटा बनवतो, खोली मोठी दिसते. पाय बाहेर आले असतील.' आणि खाली हात जोडलेल्या तीन प्रतिमा.

त्यानंतर त्या समूहावर जी हास्यमुखे उमटली ती मोजण्याचे काम मी भांडारप्रमुख असूनही केले नाही. मी बाहेर पडलो.

आता निवाडा आपणच करावा. ज्या पलंगावर मी अपमानित झालो तो पलंग आपण बनवलात. सर्व बदलापूर-अंबरनाथातील होतकरू गृहस्थांना खोली मोठी भासावी म्हणून आपण पलंग छाटता, आणि त्या छाटलेल्या पलंगांच्या पुण्याईवर स्वतः जाऊन पूर्ण लांबीच्या पलंगावर अंगठ्यांत सूर्य धरता. माझे जे पाय तेथे बाहेर राहिले, तेच आपल्या छायाचित्रात आत आहेत, असे मला कधीकधी पहाटे वाटते. हा मत्सर नव्हे. ही भूमिती आहे.

असो. मनात काही ठेवू नये. मी तर ठेवलेच आहे, परंतु आपण ठेवू नये. सासूबाईंना नारळाबाबत आपणच समजावून सांगावे. माझ्याने होत नाही. लोभ आहेच. तो वाढू नये एवढी काळजी मी येथे घेतो, आपण तेथे घ्यावी.

आपला ज्येष्ठ, आणि पाच फुटांहून लांब, साडू
चंद्रकांत

ता. क. बिल्डरच्या कार्यालयातून हिमानीचे रोज फोन येत होते, 'सर, डिसिजन काय झालं?' परवापासून बंद आहेत. तिला मी आपला क्रमांक दिला. 'साडू इच्छुक आहेत, दोन बाल्कन्यांशिवाय राहू शकत नाहीत,' असे सांगितले. उचलत चला, मुलगी चांगली आहे.

ता. क. दुसरा. आपल्या छायाचित्र क्रमांक एकतिसात, मेजावर, फळांच्या परडीला टेकून एक सोनेरी कार्ड दिसते. मी ते मुद्दाम मोठे करून पाहिलेले नाही. बोटे आपोआप फाकली. त्यावर 'पुढील मुक्कामाची एक रात्र, दोन व्यक्तींसाठी, आमच्यातर्फे, डिसेंबरअखेरपर्यंत, हस्तांतरणीय' असा मजकूर आहे. आपण डिसेंबरात लग्नसराईच्या ऑर्डरींत बुडालेले असता, हे सर्वश्रुत आहे. ते कार्ड आपल्याकडे पडून वाया जाणार असल्यास नऊ तारखेसाठी भागीरथीच्या नावे करून द्यावे. वरील पत्रातील प्रत्येक शब्द या विनंतीपुरता मागे घेतला असे समजावे. आम्हांस पूर्वेकडील बाल्कनी पुरे आहे. पश्चिमेकडची आपण ठेवून घ्या. मी तिच्यासाठी मागतो आहे. स्वतःसाठी मागितले असते तर इतके संस्कृत वापरले नसते.

ता. क. तिसरा (हस्ताक्षर निराळे आहे, पाकीट चिकटवण्यास दिले असता हा अनर्थ झाला).

मने, यांचं पत्र वाचलं. एवढ्या एका कार्डासाठी चार पानं! कार्ड पाठव, पण आपण दोघी जाऊ. भावजींना म्हणावं दुकान सांभाळा. यांना नेलं तर हे तिथे सूर्याला पण भाषण देतील आणि तो बिचारा ऐकत बसेल, वर यायचाच नाही. मला नुसतं खुर्चीत बसायचंय. तू पण बोलू नको. आठ तारखेला जाऊ, नऊला दुपारपर्यंत परत. यांना सांगितलंय, मी येईपर्यंत इन्व्हर्टर खाली उतरवून ठेवा आणि दुसरी खुर्ची आणा, संध्याकाळचा चहा गॅलरीत घेऊ. समोर बिल्डिंग असली तर असू दे. कढीचा डाग गेला नाहीये, हे खोटं लिहितात. — ताई

ता. क. चौथा व अखेरचा. वरील मजकूर मी वाचला. इन्व्हर्टर उतरवला आहे. कंबर शेकत आहे. आज संध्याकाळी हे पत्र घेऊनच, दुसऱ्या खुर्चीसाठी आपल्याच दुकानात येतो. कृपया पूर्ण मापाची दाखवावी. आणि त्या प्रासादात चौकशी करून एवढे कळवावे की, दोन भगिनींसमवेत तिसऱ्या व्यक्तीस एक जादा गादी मिळते का. मी एक शब्दही बोलणार नाही. गादी बाल्कनीत टाकली तरी चालेल. पाय बाहेर राहण्याची मला आता सवय आहे.